सब्जाच्या अंगात जिनोव्हीजचा वास: घरच्या वाफ्यात संकर आणि निवड

जिनोव्हीज या इटालियन बेझिलचं रोप एप्रिल-मेमध्ये आमच्या सासवडकडच्या उन्हात ठेवलं की पंधरवड्यात तुरे काढतं, पानं बारीक होतात, आणि त्यातून जगलं तर पावसाळ्यात खोडापासून कुजतं. त्याच बांधावर आपला सब्जा मात्र ठणठणीत उभा असतो. फक्त त्याच्या पानाला बडीशेपेचा वास मारतो. सरबतात बी टाकायला तो उत्तम, पण पास्त्यावर किंवा टोमॅटोच्या सारात त्याचं पान टाकलं की पानपट्टीच्या दुकानात बसून जेवल्यासारखं वाटतं. माझ्या रोपवाटिकेत येणारे निम्मे लोक हीच तक्रार घेऊन येतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. अंगकाठी सब्जाची आणि वास जिनोव्हीजचा, असं रोप घरी तयार करता येतं. दोन्ही एकाच जातीची, ऑसिमम बॅसिलिकम, दोन्हींची गुणसूत्रं ४८, त्यामुळे संकर सहज बसतो.

वृंदावनातली तुळस ही वेगळी जात. तिच्याशी बेझिलचा संकर करण्याच्या भानगडीत पडू नका. जाती वेगळ्या असल्या की बी सहसा धरत नाही, आणि धरलंच तर पुढचं रोप बहुधा वांझ निघतं.

रोपवाटिका सुरू करण्याआधी मी अगरबत्तीच्या कारखान्यात वास तपासायचं काम करायचे. त्यामुळे माझा सगळा भर नाकावर आहे. वासातले रेणू मोजणाऱ्या यंत्राचं नंतर सांगते.

वास येतो कुठून

पानाच्या दोन्ही बाजूंना भिंगाखाली बारीक चकाकणारे ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. बेझिलच्या मोठ्या ग्रंथीचं डोकं चार पेशींचं असतं आणि तेल त्या पेशींच्या वर, पातळ पापुद्र्याखाली साठतं. पान चुरगळलं की पापुद्रा फुटतो आणि वास सुटतो. कोवळ्या पानात या ग्रंथी दाट असतात, पान पसरत गेलं की विरळ होतात. म्हणून शेंड्याचं आणि बुडाचं पान कधीही एकमेकांशी ताडून बघायचं नाही.

त्या तेलात दोन घराण्यांचे रेणू असतात. एक टर्पिनांचं: लिनालूल, सिनिओल, सिट्रल, कॅरिओफिलीन. दुसरं युजेनॉल, मिथाइल युजेनॉल, मिथाइल चॅविकॉल, मिथाइल सिनामेट यांचं, जे झाड फिनाइलअलानिन या अमिनो आम्लापासून बनवतं. दोन घराण्यांचे कारखाने वेगळे असल्यामुळे एकाच झाडात दोन्हींतला एकेक वास हवा तसा जुळवता येतो. जिनोव्हीजचा वास म्हणजे अशीच जुळणी आहे, लिनालूल अधिक युजेनॉल, मागे थोडं सिनिओल. आपल्याकडच्या सब्जात बहुधा मिथाइल चॅविकॉल पुढे असतं.

ही नावं पाठ करायची गरज नाही, मिसळणाचा डबा उघडा. धणे भरडून हुंगा, ते लिनालूल. लवंग म्हणजे युजेनॉल. गवती चहाचं पान म्हणजे सिट्रल. निलगिरीच्या तेलाची बाटली म्हणजे सिनिओल. काळ्या मिरीचा तिखटपणा सोडून जो लाकडी वास उरतो तो कॅरिओफिलीनचा. बडीशेपेत मुख्य रेणू अ‍ॅनेथॉल आहे, पण मिथाइल चॅविकॉल त्याचा सख्खा भाऊ आणि नाकाला जवळजवळ तसाच लागतो. आठवडाभर रोज सकाळी हे सहा वास डोळे मिटून ओळखायचा सराव करा. हा सराव टाळून जे थेट झाडांकडे वळतात, त्यांच्या वहीत नंतर 'छान', 'मस्त', 'वेगळा' एवढेच शेरे सापडतात, आणि त्या शेऱ्यांवरून निवड करता येत नाही.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. कोणता रेणू बनणार हे मुख्यतः बियाणं ठरवतं, आणि वास किती जोरात येणार हे ऊन, पाणी आणि खत. सावलीत वाढवलेलं, युरियावर फुगवलेलं रोप फिकं लागतं, तेच उन्हात पाणी तोडून ठेवलं की दरवळतं. म्हणून सगळी रोपं एकाच वाफ्यात, एकाच मातीत, एकसारख्या पाण्यावर हवीत. निवड रेणूची करायची आहे, वाफ्याच्या कोपऱ्याची नाही.

आई-बाप

आई हिरव्या खोडाची जिनोव्हीज घ्या. बाप जांभळ्या खोडाचा सब्जा. यात एक युक्ती आहे. जांभळा रंग साधारणपणे हिरव्यावर वरचढ असतो, त्यामुळे हिरव्या आईच्या बियांतून जांभळट देठाचं रोप उगवलं तर संकर लागला, हिरवं उगवलं तर आईनं स्वतःच्याच परागावर बी धरलं. प्रयोगशाळेशिवाय पावती मिळते. जांभळा रंग बेझिलमध्ये जरा लहरी आहे, अमेरिकेत १९६२ साली पुरस्कार मिळालेल्या 'डार्क ओपल' या जांभळ्या वाणातही मधूनच हिरवी रोपं निघतात. तरी एवढ्या कामापुरता तो पुरतो.

जिनोव्हीजचं बी कुठलंही चालत नाही. पाकिटावर 'स्वीट बेझिल' असं लिहिलेल्या बियांतून काहीही उगवतं. आठ-दहा रोपं लावून त्यातलं ज्याला धणे आणि लवंग स्पष्ट येते आणि बडीशेप अजिबात येत नाही तेच आई करा. लिंबाचा वास हवा असेल तर लखनौच्या सीमॅप संस्थेची 'सिम-ज्योती' सिट्रलसाठी आहे, पण ती वेगळ्या जातीतली, तेव्हा तिला या संकरात आणू नका. बेझिलमधल्याच त्यांच्या 'सिम-सुरभी' आणि 'सिम-स्निग्धा', पहिली लिनालूलसाठी आणि दुसरी दालचिनीसारख्या मिथाइल सिनामेटसाठी, या मात्र पुढच्या खेळाला चांगल्या.

संकर

दिवाळीच्या आसपासचा काळ सगळ्यात बरा. पाऊस थांबलेला, सकाळ कोरडी, मधमाश्या कामावर. मधमाश्या इथे शत्रू आहेत. बेझिल स्वतःच्या परागावरही बी धरतं आणि माश्यांनी आणलेल्या परागावरही, म्हणून झाकल्याशिवाय काहीही खात्रीचं नाही.

मंजिरीवर फुलं सहा-सहाच्या वेढ्यात येतात. संध्याकाळी असा वेढा शोधा ज्यातल्या कळ्या पांढऱ्या होऊन संदलाबाहेर, म्हणजे फुलाखालच्या हिरव्या वाटीबाहेर, डोकावल्या आहेत पण उमललेल्या नाहीत. त्या उद्या सकाळी उमलणार. दोन कळ्या ठेवा, बाकीच्या नखानं खुडा. उमललेली फुलं आणि आधीचं बीही काढून टाका.

आता पुंकेसर काढायचे. लोक एकेक पुंकेसर चिमट्यानं उपटत बसतात आणि कुक्षी मोडतात. गरज नाही. बेझिलचे चारही पुंकेसर पाकळ्यांच्या नळीला चिकटलेले असतात. कळीच्या टोकाला बारीक चिमट्यानं अलगद धरा, किंचित हलवा, सरळ बाहेर ओढा. नळी पुंकेसरांसकट निघून येते आणि मध्ये एकटी कुक्षीवृंताची काडी उरते. भिंगातून बघा, पिवळट-पांढरी पूड कुठे सांडलेली दिसली तर ती कळी सोडून द्या. मग बटरपेपरची छोटी पिशवी चढवून खाली दोऱ्यानं सैल बांधा. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ते दहाच्या मध्ये काडीचं टोक दुभंगलेलं दिसेल. बापाचं नुकतंच उमललेलं फूल खुडा, त्याच्या पाकळ्या मागे दुमडा आणि पुंकेसर त्या दुभंगलेल्या टोकावर घासा. बापाची मंजिरीही आदल्या दिवसापासून झाकलेली हवी, नाहीतर माशीनं त्यावर कुणाचा पराग ठेवला आहे ते कळत नाही. पिशवी पुन्हा चढवा, लोकरीचा रंगीत धागा बांधा, तारीख लिहा. चार-पाच दिवसांनी पिशवी काढली तरी चालते.

महिन्याभरात संदल तपकिरी होतं. आत जास्तीत जास्त चार काळ्या बिया. एवढ्यासाठी एवढा खटाटोप का, असं वाटेल. पण पहिल्या पिढीची तीन-चार खरी संकरित रोपं मिळाली तरी पुरतात, कारण एकेका रोपापासून पुढे वाटीभर बी निघतं.

पहिली पिढी: फक्त वाढवा

जांभळट देठाची रोपं ठेवा, हिरवी काढून टाका. यांचा वास घेऊन हिरमुसू नका. बडीशेप इथे जवळजवळ नक्की डोकावते. रेणू बनवणारं एन्झाइम आई-बापांपैकी एकाकडून जरी चालू स्थितीत आलं तरी रेणू बनतो, म्हणून 'असणं' बहुधा 'नसण्यावर' वरचढ ठरतं. बडीशेप नसणं हा आपल्याला हवा असलेला गुण, आणि तो पुढच्या पिढीत उघडा पडतो.

मंजिरी यायच्या आत अख्ख्या रोपावर मलमलीची किंवा ऑर्गेन्झाची पिशवी चढवा आणि रोज सकाळी पिशवीवरून टिचक्या मारा, म्हणजे पराग आतल्या आत पडेल. तयार झालेलं बी सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवा.

दुसरी पिढी: खरं काम इथे

किती रोपं लावायची, यावर बहुतेकांचा प्रयोग फसतो. वीस रोपं लावतात आणि 'काही वेगळं निघालं नाही' म्हणतात. हिशेब असा. एका जनुकामुळे बडीशेप येत असेल तर चारात एक रोप तिच्याशिवाय निघेल, आणि किमान एक मिळण्याची ९५ टक्के खात्री हवी तर ११ रोपं पुरतील. पण बेझिलमध्ये गुणसूत्रांचे चार संच मानले जातात, एकच काम दोन ठिकाणची जनुकं करत असण्याची शक्यता मोठी. तसं असेल तर सोळात एक, आणि तेवढ्याच खात्रीसाठी ४७ रोपं. त्यात लवंगही हवी आणि तीही दडलेला गुण निघाली, तर चौसष्टात एक, १९१ रोपं. म्हणून मी दोनशेच्या वाफ्याशिवाय हा खेळ मांडायला सांगत नाही. गच्चीवर तेवढी जागा नसेल तर छोट्या प्लग ट्रेमध्ये लावून पहिली छाटणी तिथेच करा.

पेरणी ऑगस्टच्या शेवटी करा. जूनमध्ये पेरलं तर ऐन वास घ्यायच्या वेळी आभाळ भरलेलं असतं, पानं पाणचट लागतात, आणि पानाखाली करड्या बुरशीचा केवडा रोग आला तर अर्धा वाफा हातचा जातो.

पहिली फेरी, रोपाला चार-पाच पानांच्या जोड्या आल्या की. इथे एकच प्रश्न विचारायचा: बडीशेप आहे की नाही. आहे, तर उपटा. दया नको. मोठ्ठं, देखणं, जांभळ्या झळाळीचं रोप असलं तरी उपटा. उपटलेल्यांची चटणी करा, ओली मिरची आणि दाण्याचं कूट घालून बरी लागते.

दुसरी फेरी तुरे दिसायच्या जरा आधी, आणि ही सावकाश. दोन फेऱ्यांचं कारण केवळ सोयीचं नाही. जिनोव्हीजच्या अगदी लहान रोपात मिथाइल युजेनॉल जास्त असतं, रोप वाढलं की त्याची जागा युजेनॉल घेत जातं. वितीएवढ्या रोपावरून लवंगेचा निवाडा केला तर चुकतो. फुलोरा आला की मिश्रण पुन्हा सरकतं.

पद्धत अशी. दव उतरल्यावर, ऊन चढायच्या आधी. प्रत्येक रोपाची वरून तिसरी जोडी. बोटांत चुरगळू नका, तेल कातडीला चिकटतं आणि पाचव्या रोपानंतर सगळ्यांना सारखाच वास येऊ लागतो. झाकणाच्या छोट्या काचेच्या बाटल्या घ्या, एकेकीत एक पान फाडून टाका, झाकण लावून दोन मिनिटं थांबा, मग हुंगा. बाटलीवर फक्त क्रमांक हवा, रोप कोणतं ते तुम्हाला माहीत नको, म्हणजे आवडत्या रोपाला नकळत जास्त गुण दिले जात नाहीत. वहीत पाच रकाने: धणे, लवंग, निलगिरी, बडीशेप, आणि 'इतर'. शून्य ते तीन. दहा मिनिटांनी तीच बाटली उघडी ठेवून परत हुंगा. लिनालूल आणि सिनिओल आधी उडतात, युजेनॉल आणि कॅरिओफिलीन मागे राहतात, त्यामुळे दुसऱ्या हुंगण्यात लवंग किती खरी आहे ते कळतं.

एका बैठकीत पंधरा-वीस बाटल्यांच्या पुढे जाऊ नका. मध्ये मध्ये कॉफीचे दाणे हुंगायची पद्धत दुकानांत दिसते, तिचा साध्या हवेपेक्षा जास्त उपयोग नाही. स्वतःच्या बाहीत नाक घालून चार श्वास घ्या, पुरे. आणि दुसरं नाक शोधा. माझ्या धाकट्या जावेला बडीशेप माझ्या आधी कळते, मला निलगिरी तिच्या आधी. आम्ही दोघी वेगवेगळ्या वहीत लिहितो आणि नंतर ताडून बघतो. दोघींनी बडीशेपेला शून्य दिलं तरच ते शून्य.

मिथाइल युजेनॉल ओळखायला तर नाकसुद्धा नको. आंब्या-पेरूच्या बागेत फळमाशीचे जे सापळे टांगतात, त्यात हाच रेणू असतो आणि त्यावर फक्त नर येतात. आमच्याकडे पेरूच्या बागा आहेत, त्यामुळे निवडलेल्या रोपांची पानं चुरडून वेगवेगळ्या बशांत बांधावर ठेवते. ज्या बशीवर माश्या गोळा होतात ते रोप खाण्याच्या यादीतून बाद. २०२३ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं मिथाइल युजेनॉल '२ए' गटात, म्हणजे माणसात बहुधा कर्करोगकारक, असं ठरवलं. चार पानं चावल्यानं काही होतं असा याचा अर्थ नाही. पण नवं झाड आपणच निवडतो आहोत तर हा रेणू जास्त असलेलं कशाला निवडायचं?

वासात पास झालेली रोपं आठ-दहाच उरतात. आता त्यांची अंगकाठी बघा. तुरे उशिरा काढणारं कोणतं, मुळं घट्ट कुणाची, भर दुपारी मान कोण टाकत नाही. वासाआधी हे बघितलं तर नजर देखण्या रोपांवर अडकते, म्हणून हा क्रम उलटा करू नका.

सापडलं की लगेच कलम

सगळ्यात चांगल्या दोन-तीन रोपांच्या वितीएवढ्या फांद्या, फुलोऱ्याआधीच्या, खालची पानं काढून पाण्यात ठेवा. आठवड्या-दोन आठवड्यांत मुळं फुटतात. ही रोपं अगदी त्याच वासाची, कारण ती तेच झाड आहेत. घरापुरतं हवं असेल तर इथे थांबलात तरी काम झालं, दर दोन-तीन महिन्यांनी नवी फांदी लावत राहा.

बी हवं असेल तर अजून वाट आहे. त्या रोपाला पिशवी चढवून स्वतःच्याच परागावर बी धरू द्या, पुढच्या पिढीत तीस-चाळीस रोपं लावा, पुन्हा हुंगा, पुन्हा उपटा. दर पिढीला संमिश्रपणा निम्मा होत जातो, सहाव्या पिढीच्या सुमाराला बहुतेक रोपं एकसारखी निघतात. बडीशेप नसण्याचा गुण लवकर स्थिरावतो, कारण तो दडलेला गुण आहे आणि एकदा उघडा पडला की शुद्धच असतो. लवंगेचं प्रमाण मात्र तीन पिढ्यांनंतरही खालीवर होतं.

यंत्राची पाळी आता येते, आधी नाही. जीसी-एमएस, म्हणजे तेलातला एकेक रेणू वेगळा करून मोजणारी तपासणी, विद्यापीठांच्या आणि खासगी प्रयोगशाळांत करून मिळते, पण दर नमुन्याला पैसे पडतात. शेवटच्या दोन-तीन रोपांची करा, आणि सोबत आईचा एक नमुना द्या. आईशेजारी ठेवल्याशिवाय नुसत्या टक्क्यांना अर्थ नसतो. पानं एकाच सकाळी, एकाच उंचीवरून तोडलेली, आणि वाळवून न्यायची असतील तर सगळी सावलीत सारखीच वाळवलेली. वाळताना हलके रेणू उडतात, त्यामुळे ओला एक आणि सुका एक नमुना दिला तर तो पैसा वाया.

कॉलेजातली मुलं येऊन हळूच विचारतात, हे गांजाच्या झाडाला लागू पडतं का. पद्धत तीच आहे. तिथेही ग्रंथी, तिथेही मिरसीन, लिमोनीन, कॅरिओफिलीन. फरक इतका की नर-मादी झाडं वेगळी, त्यामुळे पुंकेसर उपटण्याचा त्रास नाही, पण हवा तो वास मादीच्या फुलात असतो आणि नराकडे बघून तो कळत नाही. नराची परीक्षा त्याच्या मुलींवरून करावी लागते. कॅनडा, जर्मनीत घरी मोजकी झाडं लावायला परवानगी आहे, तिथले हौशी लोक हे करतात. आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस हा अमली पदार्थविरोधी कायदा आहे आणि माझ्या रोपवाटिकेत त्या विषयावर पुढे बोलणं होत नाही.

तयार झालेलं बी वाटायला हरकत नाही. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला बी राखायला, वापरायला, देवाणघेवाण करायला आणि विकायलाही मोकळीक दिली आहे, फक्त संरक्षित वाणाचं बी त्याच्या नावाच्या पाकिटात घालून विकता येत नाही. वाटताना पाकिटावर पिढीचा क्रमांक लिहा. तिसऱ्या पिढीचं बी 'तयार वाण' म्हणून दिलं की समोरच्याच्या कुंडीत एखादं रोप फिक्या लवंगेचं निघेलच, आणि तो माणूस नेमका रविवारी सकाळी फोन करेल.